14 मार्चचा फळा आणि न्यूटनच्या जन्माचं साल

खडूफळा:

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं मी एका वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहितो. फळा लहान आहे. सहा ओळी बसतात; सातवी घुसवायला गेलं की अक्षर बारीक होतं आणि जिन्यावरून वाचता येत नाही. म्हणून काय घ्यायचं आणि काय सोडायचं, यावर रोज सकाळी माझा बराच वेळ जातो.

14 मार्च तर गच्च भरलेला दिवस. 1879 मध्ये उल्मला आईन्स्टाईनचा जन्म, 1883 मध्ये लंडनला कार्ल मार्क्सचं निधन, 1931 मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट झळकला, 2018 मध्ये केंब्रिजला स्टीफन हॉकिंग वारले. आणि आपले दोघे: सुरेश भट 2003 मध्ये, विंदा करंदीकर 2010 मध्ये, याच तारखेला. भट आणि विंदा एका दिवशी फळ्यावर येतात तेव्हा माझा हात दरवर्षी जरा थांबतो.

यंदा दोन ओळी त्या दोघांना दिल्या आणि उरलेल्या चार ओळींत एक साखळी लिहिली. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी, 1642 मध्ये, न्यूटन जन्मला. गॅलिलिओच्या मृत्यूला बरोबर 300 वर्षं झाली त्या दिवशी, 8 जानेवारी 1942 ला, हॉकिंग जन्मले. आणि ते गेले आईन्स्टाईनच्या जन्मदिवशी.

सातवीतली एक मुलगी रोज हा फळा वहीत उतरवून घेते. आधी तारीख, तिच्याखाली पट्टी धरून लाल रेघ, मग मजकूर. आज ती दुसऱ्या वाक्याआधीच थांबली. आत जाऊन विज्ञानाचं एक पुस्तक घेऊन आली आणि बोट ठेवून दाखवलं: न्यूटन, जन्म 4 जानेवारी 1643. मी कपाटातून न्यूटनचं चरित्र काढलं, तर त्यात 25 डिसेंबर 1642. ती म्हणाली, "काका, मग मी वहीत कुठलं लिहू?" मला सांगता आलं नाही. ती ओळ मी ओल्या फडक्याने पुसली आणि तिने वहीत तेवढी जागा कोरी सोडली.

खरी तारीख कुठली? आणि ही साखळी टिकते का? उद्या संध्याकाळी ती येईल, तेव्हा तिला नीट उत्तर द्यायचं आहे.

जंत्रीवाचक:

खडूफळा, दोन्ही तारखा खऱ्या आहेत, कारण दिवस एकच आहे. मोजणी तेवढी दोन.

जुनं जुलियन कॅलेंडर दर चार वर्षांनी न चुकता लीप वर्ष धरायचं. त्यामुळे दर 400 वर्षांत साधारण तीन दिवस जास्त धरले जायचे आणि ऋतू तारखांशी जुळेनासे झाले. 1582 मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीने ते दुरुस्त केलं. इटली, स्पेन, पोर्तुगालमध्ये त्या वर्षी 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट 15 ऑक्टोबर उजाडला. प्रोटेस्टंट इंग्लंडने पोपचं कॅलेंडर घ्यायला तब्बल 170 वर्षं लावली. तिथे 1752 मध्ये 2 सप्टेंबरनंतर एकदम 14 सप्टेंबर आला. न्यूटन जन्मला तेव्हा त्याच्या घरच्यांसाठी तो नाताळचा दिवस होता आणि इटलीतल्या माणसासाठी तोच दिवस 4 जानेवारी 1643.

आता तुमची साखळी. गॅलिलिओ इटलीत वारला, म्हणून 8 जानेवारी 1642 ही नवी मोजणी. न्यूटनचा 25 डिसेंबर ही जुनी. एकाची नवी आणि दुसऱ्याची जुनी तारीख घेतली तरच '1642' जुळतं. दोघांना नव्या मोजणीत बसवा: 8 जानेवारी 1642 आणि 4 जानेवारी 1643. जुन्या मोजणीत बसवा: 29 डिसेंबर 1641 आणि 25 डिसेंबर 1642. कुठूनही बघा, साल वेगळंच येतं. मधलं अंतर मात्र दोन्हीकडे तेच, 361 दिवस. म्हणजे 'गॅलिलिओ गेल्यावर वर्षाच्या आत न्यूटन जन्मला' हे वाक्य कुठल्याही कॅलेंडरने खरं आहे. तेच लिहा.

हॉकिंग-गॅलिलिओ आणि हॉकिंग-आईन्स्टाईन हे दोन्ही दुवे पक्के आहेत, कारण त्या सगळ्या तारखा नव्याच मोजणीतल्या.

अशा जागा हेरून ठेवा. शेक्सपियर आणि स्पेनचा लेखक सर्व्हान्तेस या दोघांच्या नावापुढे मृत्यूची तारीख म्हणून 23 एप्रिल 1616 लावतात, पण इंग्लंडचा 23 एप्रिल स्पेनच्या 23 एप्रिलनंतर दहा दिवसांनी आला होता. रशियातली 'ऑक्टोबर क्रांती' नव्या मोजणीने 7 नोव्हेंबर 1917 ची. आणि आपल्या अगदी जवळचं म्हणजे शिवराज्याभिषेक. 6 जून 1674 ही तारीख जुन्या मोजणीची आहे. रायगडावर त्या वेळी हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन हीच मोजणी वापरायचा. नव्या मोजणीने तो दिवस 16 जून येतो. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596 ही तिथी मात्र आहे तिथेच राहते, तिला पोपच्या दुरुस्तीने काही फरक पडत नाही. मुलीला हे उदाहरण जरूर सांगा, तिला लगेच कळेल.

समविषम:

जंत्रीवाचकांनी सगळं सांगितलंच आहे. मी गणिताच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण 'एवढे मोठे लोक एकाच तारखेला कसे?' हे ती मुलगी पुढे विचारणारच.

खोलीत 23 माणसं असली की त्यातल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, 50.7 टक्के. कारण 23 माणसांच्या जोड्या 253 होतात. पण 'माझ्याच तारखेचं कुणीतरी हवं' असं म्हटलं, तर निम्मी शक्यता गाठायला 253 माणसं लागतात. सगळ्या शतकांतले कवी, शास्त्रज्ञ, राजकारणी असे हजारो लोक घ्या, प्रत्येकाच्या जन्माची आणि मृत्यूची अशा दोन तारखा धरा, आणि 366 चौकटींत टाकत जा. एकही चौकट रिकामी राहणार नाही.

स्वतः हॉकिंगनी गॅलिलिओचा उल्लेख करून पुढे अंदाज दिला होता की आपल्या जन्माच्या दिवशी जगात सुमारे दोन लाख बाळं जन्मली असतील. मला त्यांचं हे सांगणं फार भावतं.

उत्तररात्र:

एक वेगळी गोष्ट. काही तारखा जुळत नाहीत, जुळवलेल्या असतात. प्लूटो सापडला 18 फेब्रुवारी 1930 ला, पण जाहीर केला 13 मार्चला. ती पर्सिव्हल लॉवेलची 75 वी जयंती होती. ज्या वेधशाळेत तो सापडला ती त्यानेच उभारली होती, आणि त्या ग्रहाचा शोध त्यानेच सुरू केला होता. शिवाय 1781 मध्ये हर्शेलला युरेनस दिसला तोही 13 मार्चलाच. आपली राज्यघटना 26 नोव्हेंबर 1949 ला स्वीकारली गेली आणि पूर्ण अमलात आली 26 जानेवारीला, कारण 1930 मध्ये त्याच दिवशी पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली होती. असा दिवस आला की फळ्यावर 'हा दिवस मुद्दाम निवडला होता' एवढे शब्द जरूर घाला. योगायोगापेक्षा माणसांनी ठेवलेली आठवण मला जास्त मोलाची वाटते.

आणि तुमच्या 14 मार्चला इटालियन खगोलशास्त्रज्ञ शियापारेल्ली राहिला की! जन्म 1835. 1877 मध्ये त्याला मंगळावर रेघा दिसल्या, त्यांना त्याने इटालियनमध्ये 'कानाली' म्हटलं. म्हणजे पाण्याच्या वाटा, मग त्या नैसर्गिक का असेनात. इंग्रजीत त्याचे खोदलेले कालवे झाले, आणि लॉवेलने त्यावरून मंगळावर कालवे खोदणारी माणसं कल्पिली. एक 13 मार्चचा, दुसरा 14 चा. पुढच्या वर्षी या दोघांना शेजारी शेजारी दोन दिवस द्या.

खडूफळा:

मनापासून आभार. आज ती आली तेव्हा मी फळ्यावर दोन आडव्या पट्ट्या काढल्या, वर 'इटली' आणि खाली 'इंग्लंड' लिहिलं, आणि दोन्हींवर गॅलिलिओ आणि न्यूटनच्या तारखा मांडल्या. 361 दिवस तिने स्वतः बोटांवर महिने मोजून काढले, दोन्ही पट्ट्यांवर वेगवेगळे. मग कालच्या पानावरच्या कोऱ्या जागेत लिहिलं: 'गॅलिलिओ गेल्यावर 361 दिवसांनी न्यूटन जन्मला.' साल तिने घातलंच नाही.

जाताना तिने माझी जुनी वही चाळली. त्यात 14 मार्चलाच संगीतकार टेलेमान आहे, जन्म 1681, माग्डेबुर्ग. तिने विचारलं, तिथे तेव्हा कुठलं कॅलेंडर होतं? शोधलं तर जुनं. म्हणजे नव्या मोजणीने 24 मार्च. त्या दिवसाच्या फळ्यावर मी तिची एक ओळ राखून ठेवली आहे, ती ओळ तीच लिहिणार आहे.