मदत हवी आहे: माणसाला 'सर्वज्ञ' म्हटलं की टोमणा होतो का?

नमस्कार मंडळी,

एका मानपत्रावरून अडलोय. आमचे सर निवृत्त होताहेत आणि मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिलीच ओळ लिहिली: 'आमच्या सर्वज्ञ गुरुवर्यांस सादर अर्पण.' ताईला वाचून दाखवली तर ती फस्सकन हसली. म्हणे, "मान देतोयस की चिमटा काढतोयस?"

शब्दकोशात 'सर्व जाणणारा' एवढाच सरळ अर्थ आहे, त्यात चिमटा कुठे दिसला नाही. मग ताईला का हसू आलं? दुसरं म्हणजे, 'सर्वज्ञानी' लिहिलं तर चालेल का? आणि 'तज्ज्ञ'मध्ये ज जास्तीचा येतो, तसा 'सर्वज्ञ'मध्ये का येत नाही? मजकूर परवा छपाईला जायचा आहे.

प्रतिसाद १

ताईचं ऐका. रोजच्या बोलण्यात हा शब्द कुठे कुठे येतो ते आठवून बघा. 'मी काही सर्वज्ञ नाही, चुकलं असेल तर सांगा.' 'आले आमचे सर्वज्ञ, आता विचारा त्यांना.' 'सर्वज्ञतेचा आव आणू नकोस.' एक तर नकार, नाही तर टोला. समोरच्या माणसाला सरळ मनाने 'तुम्ही सर्वज्ञ आहात' असं म्हणताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही. आमच्याकडे याचा धाकटा भाऊ 'दीडशहाणा'.

प्रतिसाद २

आधी ज चा हिशेब. 'ज्ञ' म्हणजे जाणणारा, ज्ञा धातूवरून आलेला. मराठीत तो सुटा फिरत नाही, कुणाच्या तरी मागे लागूनच येतो: कृतज्ञ, मर्मज्ञ, रसज्ञ, अल्पज्ञ. 'तज्ज्ञ' म्हणजे तत् + ज्ञ, तिथे त् चा ज् झाला म्हणून जोड वाढली. 'सर्व' अकारान्त, तिथे बदलायला काही नाही.

'सर्वज्ञानी'ला मी चूक म्हणणार नाही, पण जाणणारा 'ज्ञ'मध्ये आधीच बसलेला असताना आणखी शेपूट कशाला?

आता टोमण्याचं. हा शब्द मुळात फार वरच्या पायरीवरचा. अमरकोशात बुद्धाच्या नावांची यादी 'सर्वज्ञ'पासूनच सुरू होते, शंकराच्या नावांतही तो आहे. जैनांकडे केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान, झालेला तो सर्वज्ञ. आणि गंमत म्हणजे तुमच्या ताईचीच शंका ७व्या शतकात वैदिक पंडित कुमारिल भट्टांनी घेतली होती: माणूस सर्वज्ञ असूच कसा शकेल? पुढच्या शतकात बौद्ध पंडित शांतरक्षितांनी त्यावर सविस्तर उत्तर लिहिलं. म्हणजे ज्या शब्दासाठी एवढे मोठे पंडित भांडले, तो आपण शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला लावतो. माप इतकं मोठं पडतं की ऐकणाऱ्याला थट्टा वाटणारच. कोशात अर्थ मिळतो, माप मिळत नाही.

'अंतर्यामी' किंवा 'त्रिकालज्ञ'कडे वळायचा विचार असेल तर तोही सोडा. पहिला मनातलं ओळखणारा, दुसरा भूत, भविष्य, वर्तमान जाणणारा. सरांकडे लोक पत्रिका घेऊन येतील.

प्रतिसाद ३

सरसकट टोमणा म्हणू नका हो. मी महानुभाव घरातला आहे. आमच्याकडे 'सर्वज्ञ' म्हटलं की एकच, श्रीचक्रधरस्वामी. लीळाचरित्रात तर पानोपानी 'सर्वज्ञें म्हणितलें' येतं. आजी हा शब्द उच्चारायची तेव्हा तिचे हात आपोआप जोडले जायचे. त्यामुळे कुणी ऑफिसात साहेबाला 'सर्वज्ञ' म्हणून हसलं की मला आजही जरा खटकतं. पण तुमच्या मानपत्रात नको, हे मीही म्हणेन. कारण वेगळं, एवढंच.

प्रतिसाद ४

समीक्षेतला 'सर्वज्ञ निवेदक' राहिला! कादंबरीतल्या सगळ्या पात्रांच्या मनातलं ज्याला ठाऊक असतं तो. तिथे ना भक्ती ना टोमणा, निव्वळ पारिभाषिक शब्द. काही जण 'सर्वसाक्षी' म्हणतात, पण साक्षी बघतो आणि ज्ञ जाणतो, म्हणून मला 'सर्वज्ञ'च बरा वाटतो.

मानपत्रासाठी: पुस्तकांत बुडालेले असतील तर 'व्यासंगी'. पुष्कळ ऐकलं-वाचलेलं, कुठल्याही विषयावर बोलू शकणारे असतील तर 'बहुश्रुत'. 'विद्वान' नको, तोही हल्ली बोलण्यात तिरका झालाय.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. सर व्यासंगी आहेतच, पण विचारलेलं येत नसेल तर 'उद्या सांगतो' म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी खरंच कागदावर उत्तर लिहून आणायचे. तेच मानपत्रात घातलं. आता ओळ अशी: 'न येणारं उद्या शोधून आणणाऱ्या आमच्या व्यासंगी, बहूश्रुत गुरुवर्यांस.' ताई या वेळी हसली नाही.

प्रतिसाद १

छान झालंय. फक्त छपाईला देण्याआधी 'बहूश्रुत'मधला हू ऱ्हस्व करा. सर आधी तेच बघतील.