स्टोइक म्हणजे मुकाट सोसणं नव्हे

जुनाट दुखण्याबद्दल बोलताना 'स्टोइक (प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञानाचा एक पंथ) म्हणजे मुकाट सोसणं' असा सूर लागतो, तो मला पटत नाही. रोमन सम्राट आणि स्टोइक विचारवंत मार्कस ऑरेलियसने स्वतःसाठी लिहिलेल्या टिपणांच्या ('मेडिटेशन्स') आठव्या भागात नेमकं लिहिलंय: पहिली जाणीव जेवढं कळवते तेवढंच म्हणा, पदरचं जोडू नका. जुनाट कंबरदुखीत हे वहीत करावं. डावीकडे फक्त संवेदना: 'कंबरेत उजव्या बाजूला जळजळ, दहापैकी ६, बसून २० मिनिटं झाल्यावर.' उजवीकडे मनाने जोडलेलं: 'आता जन्मभर हे असंच.' उजवीकडचं खोडायचं नाही, वेगळं ठेवायचं. यानं दुखणं जाईलच असं नाही. धास्तीनं अंग आखडणं आणि हालचाल टाळणं मात्र कमी होऊ शकतं.

चुकतं कुठे? स्टोइक शिकवणीतलं 'वेदना माझ्या हातात नाही' एवढंच धरून लोक बरं वाटलं की घरभर झाडलोट काढतात आणि मग दोन दिवस आडवे. अहो, किती वेळ बसायचं, किती उचलायचं हे तर आपल्याच हातात आहे! २० मिनिटांनी दुखायला लागत असेल तर १५ व्या मिनिटालाच उठा, चांगल्या दिवशीसुद्धा (खरी परीक्षा तेव्हाच). पायात नवा बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र वही मिटून ताबडतोब हॉस्पिटल गाठा.