जीपीएस आणि व्हिडिओ जुळत नाहीत

नेरुळ_विंगर: नेरुळच्या मैदानावर खेळाडूंचा वेग मोजायला १० हर्ट्झचे (सेकंदाला दहा नोंदी घेणारे) जीपीएस बनियन आणि मोबाइलचा व्हिडिओ वापरतोय. स्प्रिंटच्या वेळा जुळत नाहीत. स्टँडकडे वेग उगाच उसळतो.

घोडबंदर_डेटा: उसळी बहुधा स्टँडवर आपटून आलेल्या सिग्नलची. युनिट, म्हणजे बनियनमधलं जीपीएस यंत्र, मॅचच्या १५ मिनिटं आधी उघड्यावर चालू करा, उपग्रह पकडू द्या. खेळाडूचं युनिट बदलू नका, नाहीतर आठवड्यांची तुलना बाद.

वाशी_व्हिडिओ: मोबाइल फ्रेमरेट बदलत राहतो, म्हणून वेळ सरकते. आधी सेकंदाला २५ फ्रेमवर स्थिर करा. मग युनिट घातलेल्या खेळाडूला कॅमेऱ्यासमोर तीन उड्या मारायला लावा. युनिटमधल्या अॅक्सेलरोमीटरचे (झटके मोजणाऱ्या सेन्सरचे) ठोके उडीच्या फ्रेमशी जुळवा. हाफटाइमनंतर पुन्हा.

घोडबंदर_डेटा: आणि ज्या वेगापुढे धाव स्प्रिंट धरतात ती २५.२ किमी/तास ही मर्यादा मोठ्यांची. पंधरा वर्षांखालच्या पोरांना लावलीत तर स्प्रिंटचे रकाने बरेचसे रिकामेच!