प्रेमजी फाउंडेशनची शिष्यवृत्ती सेंधव्याला मिळते, अमळनेरला का नाही?

कपाशीवाला, अमळनेर तालुका

रामराम मंडळी. मुलगी यंदा शिरपूरला बी. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला लागली. दहावी-बारावी आपल्याकडेच, संस्थेच्या शाळेत. माझा साडू घाट चढून गेलं की मध्य प्रदेशातल्या सेंधव्याला असतो. त्याची मुलगी तिथे बी.एस्सी. करते. परवा तिच्या खात्यात अझीम प्रेमजी फाउंडेशनचे पंधरा हजार आले. वर्षाला ३०,०००, दोन हप्त्यांत, डिग्री होईपर्यंत. साडूने बँकेच्या मेसेजचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "तुमच्याच गावचे पैसे, साडूभाऊ!" तेव्हापासून आमच्या सौ. रोज विचारतात, आपल्या पोरीचं काय?

साडू बोलला ते खोटंही नाही. प्रेमजींची विप्रो कंपनी १९४५ साली आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून उभी राहिली. फाउंडेशनचा पैसा त्याच विप्रोच्या शेअरचा. फॉर्म उघडून पाहिला तर राज्यांच्या यादीत महाराष्ट्रच नाही. सेंटरवाला म्हणतो ३०० रुपये द्या, एमपीचा पत्ता टाकून भरून देतो. भरू का? फीपेक्षा हॉस्टेल आणि मेसचं जड जातंय.

तापीकाठचा

तेल आठेनं नि दिवा तठे! आमच्या आजोबांकडेही ते शेअर होते, बैलजोडीसाठी विकले. त्यावरून दिवाळीला आजही भांडण होतं. तुमच्या प्रश्नाचं मात्र जाणकारच सांगतील.

जुना लिपिक, धुळे

कपाशीवाले भाऊ, नोकरी कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर गेली, म्हणून लिहितो.

सेंटरवाल्याच्या नादी अजिबात लागू नका. अर्ज फुकट असतो. पत्ता कुठलाही टाकला तरी मार्कशीट जोडावीच लागते, आणि तिच्यावर ठसठशीत छापलेलं असतं 'नाशिक विभागीय मंडळ'. पहिल्याच छाननीत बाहेर. वर खोटी माहिती दिल्याचा डाग पोरीच्या नावावर, सेंटरवाल्याच्या नाही.

आता मुद्द्याचं. २०२५-२६ च्या यादीत मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड, कर्नाटक, तेलंगणा होते, महाराष्ट्र नव्हता. तो असायला हवा होता, यात मी तुमच्या बाजूने. २०१९ मध्ये प्रेमजींनी आणखी शेअर दिले, तेव्हा विप्रोच्या मालकीचा सुमारे ६७ टक्के लाभ दानाच्या कामाला लागला. पैशाची अडचण नाही. पण उद्या आपलं राज्य यादीत आलं तरी तुमची मुलगी बसेल असं मला वाटत नाही. अट आहे दहावी आणि बारावी, दोन्ही सरकारी शाळेतून. एमपीत सरकारी हायर सेकंडरी गावोगाव आहे, तिथली मुलगी सहज बसते. आपल्याकडे झेडपीची शाळा बहुतेक ठिकाणी सातवी-आठवीला संपते, पुढचं सगळं संस्थांचं. मास्तरांचा पगार सरकार देतं, पण कागदावर ती शाळा 'खाजगी अनुदानित'च.

आणि या संस्था काही धंदा म्हणून निघालेल्या नव्हत्या. तुमच्या गावचं प्रताप कॉलेज घ्या, तेही १९४५ चंच, प्रताप शेठजींच्या दानावर उभं राहिलेलं. एका शेठच्या दानातून शिकलेली पोर दुसऱ्या शेठच्या दानाला अपात्र! बेंगळुरूत बसून अट लिहिणाऱ्याला हे दिसणार कसं? सरकारी शाळेतली मुलगी म्हणजे गरीब घरची, हा त्यांचा हिशेब तिकडे बरोबरच आहे. खान्देशात त्या हिशेबात नीट बसतील त्या अक्कलकुवा-धडगावच्या शासकीय आश्रमशाळांतल्या पोरी. राज्य यादीत यावं ते आधी त्यांच्यासाठी. तसं निवेदन कोणी काढलं तर माझी सही धरा.

तुमच्यापुरतं बोलायचं तर प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, का संस्थास्तरावर? आणि प्रवर्ग कोणता?

कपाशीवाला, अमळनेर तालुका

कॅपच्या दुसऱ्या फेरीत. ओबीसी. उत्पन्नाचा दाखला दोन लाखांच्या आतला. बारावीला ७८ टक्के.

जुना लिपिक, धुळे

मग तुम्ही उगाच सेंधव्याकडे बघत बसलात! जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून लागलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की झालं. कॉलेजने आधी भरून घेतली असेल तर पावती सांभाळा आणि महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज टाका.

हॉस्टेल-मेससाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना बघा. गाव सोडून शिकणाऱ्या, सरकारी वसतिगृह न मिळालेल्या ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलामुलींसाठी आहे. तालुक्याच्या ठिकाणी वर्षाला ३८,०००, म्हणजे साडूपेक्षा आठ हजार जास्तच. जिल्ह्याला ६०० जागा, निवड गुणांवर, तेव्हा ७८ टक्क्यांवर आशा ठेवायला हरकत नाही. नॉन-क्रीमीलेअरचा दाखला काढलाय ना? नसेल तर तो आधी.

फार्मसी_तिसरं_वर्ष

काका, मी शिरपूरलाच आहे. लिपिक काकांनी दोन गोष्टी सोडल्या. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं आणि आधारवर शेवटी. फॉर्म भरताना पोरी घोळ घालतात. प्रत्येक ठिकाणी मार्कशीटवर आहे तसंच टाकायला सांगा. दुसरं, महाडीबीटीचा अर्ज मंजूर झाला की लॉगइन करून व्हाउचर रिडीम करावं लागतं. माझ्या रूममेटने ते पाहिलंच नाही, पैसे किती तरी महिने लटकले. खातं आधारला जोडलेलं आहे का, तेही बँकेत विचारून घ्या.

फाउंडेशनचंच पाहिजे असेल तर रिलायन्स फाउंडेशनची पदवीची शिष्यवृत्ती आहे. तिला राज्याची अट नाही, सरकारी शाळेचीही नाही. पूर्ण डिग्रीसाठी मिळून दोन लाखांपर्यंत, देशभरातून ५,००० जण घेतात. ऑनलाइन अभियोग्यता चाचणी असते आणि अर्ज फक्त पहिल्या वर्षाला असतानाच करता येतो, म्हणून तुमच्या मुलीला हीच वेळ. मी दुसऱ्या वर्षाला गेल्यावर ऐकलं, काय उपयोग!

कपाशीवाला, अमळनेर तालुका

नॉन-क्रीमीलेअर नाही काढलेलं. सोमवारी तहसीलला जातो. ताई, त्या चाचणीला मोबाइल चालतो का लॅपटॉप लागतो? घरात एकच मोबाइल आहे, तो पोरीजवळ असतो.

फार्मसी_तिसरं_वर्ष

लॅपटॉप असला तर बरं, वसतिगृहात नेट मध्येच जातं. माझा आहे. तिला चाचणीच्या दिवशी माझ्या खोलीवर पाठवा, तिचं वसतिगृह कोणतं ते मला मेसेजमध्ये सांगा.