डिझेल फिल्टर बदलल्यापासून सकाळी गाडी लवकर चालू होत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा. भावाची आणि माझी मिळून एक डिझेल पिकअप आहे, कॉमन रेलवाली (एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाने डिझेल जातं ती). घर तिच्यावरच चालतं.

मागच्या महिन्यात भरल्या गाडीने यवतेश्वरचा घाट चढताना ती दम टाकायला लागली. सपाटीला आलं की पुन्हा ठीक. दोन दिवसांनी मीटरवर डिझेलमध्ये पाणी आल्याचा दिवा लागला. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू ढिला करून काचेच्या बाटलीत डिझेल काढलं, तर तळाला बोटभर पाणी आणि तांबूस गाळ. काळजात चर्र झालं. इंजेक्टरमध्ये, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागात, पाणी गेलं की गंज धरतो, आणि मग खर्च हजारांत.

लगेच पोवई नाक्यावरून नवा फिल्टर आणून भावाने बसवला, डिझेल लाइनवरच्या हाताने दाबायच्या छोट्या पंपाने (हातपंपाने) लाइनमधली हवाही काढली. घाटात आता गाडी मस्त ओढते. पण रात्रभर उभी राहिली की सकाळी सात-आठ सेल्फ मारावे लागतात. आधी हातपंप घट्ट होईपर्यंत दाबला, तर पहिल्याच सेल्फला चालू! बाहेर डिझेलचा थेंबही गळत नाही.

म्हणजे कुठूनतरी हवा ओढतेय. फिल्टरची जुनीच रबर रिंग परत वापरली, ते चुकलं का? की हातपंपाचा व्हॉल्व्ह गेला? मेकॅनिक थेट इंजेक्टर उतरवा म्हणतोय, ते मला पटत नाही. टाकीकडून येणाऱ्या लाइनला पारदर्शक नळी लावून बुडबुडे बघितले तर चालेल का? टाकीही धुवून घ्यावी का?

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा. सोमवारी पहाटे भाजी घेऊन पुण्याला निघायचंय.