जेल कव्हरच्या आधी सायकलच्या सीटची रुंदी बघा
सायकलची सीट टोचते, काय करू असं इथे विचारलंय, त्यावर दोघीतिघींनी सीटवर चढवायचं जाड, मऊ जेल कव्हर सुचवलंय, ते मला पटत नाही. जवळच्या चकरेला चालेल, पण पुण्याहून खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचं म्हटलं की आपण त्या जेलमध्ये रुततो आणि वजन हाडांवर यायच्या ऐवजी मधल्या नाजूक भागावर येतं, मग बधिरपणा, साल निघणं सगळं सुरू. बसायच्या दोन हाडांमधलं अंतर बायकांमध्ये साधारण जास्त असतं आणि रोडबाईकसोबत (डांबरी रस्त्यावर वेगात चालवायची सायकल) येणारी सीट बऱ्याचदा अरुंद. हे हाडांमधलं अंतर घरीच मोजा, खोक्याचा नळीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवून टाचा उचलून दाबून बसायचं, उठलं की दोन खळगे दिसतात, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टी लावायची. माझं १३० मिमी आलं, त्यात वीसपंचवीस मिळवून १५५ ची मधे खाच असलेली सीट घेतली, फरक लगेच कळला.

आणि सायकलिंगच्या पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत निकर घालायची नाही गं, हे दुकानात कोणीच सांगत नाही! शिवणी तिथेच घासतात. लाज वाटत असेल तर वरून सैल कुर्ता घाला, मी अजूनही घालते.