शब्दचर्चा : जयंतीसाठी ‘आयोग’ का ‘समिती’? अन् ‘सार्थ शताब्दी’ का ‘सार्ध शताब्दी’?

दर्यापूरकर :
गावातला प्रश्न हाय. संत गाडगेबाबांच्या १५० व्या जयंतीसाठी सरकारनं काहीतरी वेगळं नेमावं असा ठराव ग्रामसभेत घ्यायचाय, मसुदा पोरांनी लिहिला, त्यात ‘सार्थ शताब्दी आयोग गठीत करण्यात यावा’ असं आहे. आमचे रिटायर गुरुजी म्हणतात यातला एकबी शब्द धड नाही. बाबांचं जन्मगाव शेंडगाव आमच्या बाजूच्याच तालुक्यात, बाबांच्या नावाचा ठराव चुकीच्या शब्दानं वर जाऊ नये असं वाटते. जाणकारांनी सांगावं.

वर्धेकडचा :
दर्यापूरकर भाऊ, गुरुजींचं पहिल्या शब्दापुरतं तर शंभर टक्के बरोबर आहे. सार्थ म्हणजे अर्थासकट, पोथीवर ‘सार्थ’ छापलेलं असते ते. तुम्हाला पाहिजे तो सार्ध, स अधिक अर्ध, म्हणजे अर्ध्यासकट, शंभर अन् वर त्याचं अर्ध. ही चूक ब्यानरवर नेहमी दिसते कारण सार्ध हा शब्द लोकांना पुस्तकी वाटतो, पण तसा तो नाही, आपण रोज साडेतीन वाजले म्हणतो त्यातलं ‘साडे’ ह्याच सार्धापासून झिजत आलेलं आहे, अन् दीड आला द्व्यर्ध पासून, प्राकृतात दिवड्ढ, म्हणजे दुसरा अर्धाच भरलेला. म्हणून दीडशे अन् सार्ध शताब्दी हे एकाच हिशोबाचे शब्द. अडीचशेला मग सार्ध द्विशताब्दी.

दुसरा पर्याय शतकोत्तर सुवर्ण महोत्सव, शंभराच्या पुढचे पन्नास. डॉ. पंजाबराव देशमुखांचा जन्म १८९८ चा, तर २०२३ मध्ये १२५ झाली तेव्हा शतकोत्तर रौप्य महोत्सव हा शब्द बसत होता. शाळेला, बँकेला, सोसायटीला महोत्सव चांगला वाटते. बाबांना मात्र मला तो जड वाटते, सरळ सांगतो. हातात खराटा घेऊन गाव झाडणारा माणूस, कीर्तन वऱ्हाडीत अन् समोरच्याला प्रश्न विचारत विचारत करणारा, त्याच्या ठरावात ‘दीडशेवी जयंती’ लिहा, शेवटच्या ओळीतल्या म्हातारीलाही समजते.

आता आयोग. मूळ धातू युज्, जोडणे, कामाला लावणे, नियुक्ती अन् योजना त्याच घरचे. आज मात्र आयोग म्हटलं की लोकांच्या डोक्यात काय येते, तर निवडणूक आयोग, वित्त आयोग (हे दोन्ही संविधानातले, कलम ३२४ अन् २८०), वेतन आयोग, नाहीतर १९५२ च्या कायद्याखालचा चौकशी आयोग. म्हणजे काहीतरी तपासणार, ठरवणार, शिफारस करणार. समिती म्हणजे सम् अन् इ, एकत्र येणे, वेदातही सभा आणि समिती हे शब्द आहेत. जयंतीचं काम एकत्र येऊन करायचं असते. म्हणून समितीच.

नागपूरची वाचक :
वर्धेकर दादा, थोडं अडवते. मी भाषांतराचं काम करते, अमेरिकेत अब्राहम लिंकनच्या जन्माला २००९ मध्ये २०० वर्षं झाली त्यासाठी तिथल्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, २००० मध्येच कायदा करून १५ जणांचं कमिशन नेमलं होतं, नाण्यांवरसुद्धा काम झालं, २००९ मध्ये एक सेंटच्या नाण्यामागं लिंकनच्या आयुष्यावरची चार वेगवेगळी चित्रं आली. वॉशिंग्टनच्या २०० साठी तर १९२४ मध्येच कमिशन केलं, जयंती होती १९३२ ला. मग ह्यांना मी ‘द्विशताब्दी आयोग’च लिहिते, ते चूक का?

वर्धेकडचा :
ताई, तिथं आयोगच लिहा, कारण कायद्यानं झालेलं, मुदतीचं, जबाबदारी ठरवून दिलेलं ते मंडळ आहे. माझं म्हणणं आपल्याकडच्या रिवाजाचं आहे. गांधीजींच्या १५० साठी केंद्रानं राष्ट्रपतींच्या अध्यक्षतेखाली जी नेमली ती राष्ट्रीय समितीच होती. राष्ट्रपती अध्यक्ष असून समिती, तर हा शब्द लहान कसा होईल? अन् विदर्भातल्या माणसाला तर हे सांगायलाच नको. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं १९५५ मध्ये वेगळं विदर्भ राज्य सुचवलं, ते झालं नाही. अनुशेष, म्हणजे विकासात मागं राहिलेली तूट, मोजला तो दांडेकर समितीनं, अन् त्या समितीचे आकडे आजही भाषणात निघतात. नाव आयोग असलं की वजन येते असं नसते, काम काय दिलं अन् पैसा किती दिला ते पहावं लागते.

पण ताईच्या मुद्द्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे, नऊ वर्षं आधी नेमणूक. आपल्याकडं पत्रिका छापायची वेळ आली की समिती आठवते. बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६, म्हणजे २३ फेब्रुवारी २०२६ ला १५० वर्षं भरली. १५० वं वर्ष लागलं २०२५ लाच. ‘शताब्दी वर्ष’ म्हणताना लागलेलं का भरलेलं हा घोळ नेहमीचा आहे, गांधीजींच्या वेळी २ ऑक्टोबर २०१८ पासून २०२० पर्यंत धरून दोन्ही मोजण्या भागवल्या. तुम्ही ठरावात तारखाच टाका भाऊ, कोणती ते कोणतीपर्यंत.

दर्यापूरकर :
अन् गठीत? ते तर सगळ्या जीआर मध्ये राहते.

वर्धेकडचा :
राहते, हिंदीच्या वाटेनं आलं अन् मुक्कामी बसलं. चूक म्हणून काढणार नाही, पण मराठीत समिती नेमतात, मंडळ स्थापतात, आयोग नेमतात किंवा लोक म्हणतात तसा बसवतात. नेमावी लिहा. ‘स्मरणोत्सव’ वगैरे जोडू नका, जयंतीनिमित्त पुरे. तुकडोजी महाराजांनी आपल्या जन्मदिवसाला, ३० एप्रिलला, ग्रामजयंती म्हणायला लावलं, जयंती माणसाची नाही तर गावाची. त्या धर्तीवर ठरावात समितीचं कामही लिहा : शाळेची इमारत, धर्मशाळा, गावाची नाली, जे पाहिजे ते नाव घेऊन. मसुदा असा करा : ‘संत गाडगेबाबांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त शासनाने राज्यस्तरीय समिती नेमावी, तिला स्वतंत्र निधी व ठरावीक मुदत द्यावी, आणि तिच्यात शेंडगाव व परिसरातील ग्रामसभांचे प्रतिनिधी घ्यावेत.’

दर्यापूरकर :
प्रतिनिधींचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. गुरुजीले दाखवतो अन् सभेत वाचतो.